बरगडी काढायला सांगितली आहे? सही करण्यापूर्वी

केसपेपरवर ‘सर्व्हायकल रिब’ किंवा ‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम’ असे शब्द लिहून आले आणि खाली शस्त्रक्रियेचा सल्ला असला, की घरात दोनच प्रकार होतात. एक तर सगळे घाबरतात. मानेचे ऑपरेशन म्हणजे हात कायमचा लुळा, असे शेजारचे कोणीतरी सांगून जाते आणि कागद पेटीच्या तळाशी जातो. नाहीतर याच्या उलट होते. डॉक्टर म्हणाले म्हणजे करून टाकू, म्हणत दुसऱ्याच दिवशी दागिना गहाण पडतो. विहारातल्या तपासणीच्या दिवशी असे कागद घेऊन आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताई आल्या आहेत, रंगकाम करणारे भाऊ आले आहेत, कंत्राटी सफाई कामगार आले आहेत. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, ऑपरेशन करायचे की नाही? त्यावर आम्ही आधी एवढेच विचारतो की नेमके काय दबले आहे, ते डॉक्टरांनी सांगितले का? बहुतेकांना ते माहीत नसते. आणि घाई करायची की सबुरीने घ्यायचे, हे त्याच एका गोष्टीवर ठरते.

गळ्याखाली आडवे हाताला लागते ते हासळीचे हाड. त्याच्या खाली छातीची सगळ्यात वरची, म्हणजे पहिली बरगडी. या दोहोंच्या मधून एक अरुंद वाट आहे आणि हाताकडे जे काही जाते-येते ते या वाटेने. आपल्या वस्तीतला बोळ डोळ्यांसमोर आणा. एकाच बोळातून विजेची वायर गेलेली असते, नळाचा पाइप गेलेला असतो आणि गटारही वाहत असते. हाताची विजेची वायर म्हणजे मज्जातंतू. मेंदूचा हुकूम बोटांपर्यंत नेणे आणि बोटांना लागलेला चटका मेंदूपर्यंत आणणे हे त्यांचे काम. नळाचा पाइप म्हणजे धमनी, ती ताजे रक्त आणते. परतीचा मार्ग म्हणजे शीर, ती वापरलेले रक्त हृदयाकडे नेते. बोलताना आपण या तिन्हींना ‘नस’च म्हणतो आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. ‘नस दबली’ एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. वायर दबली, नळ दबला की परतीचा मार्ग तुंबला, हे कळले पाहिजे.

बोळ अरुंद का होतो? काहींना जन्मतःच मानेच्या शेवटच्या मणक्याला एक जास्तीची बरगडी असते. हीच ती सर्व्हायकल रिब. शंभर-दोनशे माणसांत एखाद्याला ती असते, पुरुषांपेक्षा बायकांत थोडी जास्त. काहींना हाड नसते, पण कडक दोरीसारखा पट्टा असतो. गाडीवरून पडून मानेला हिसका बसला, की मानेतून बरगडीवर उतरणारे स्नायू आखडतात. छताला रंग देणे, उंचावरचे पुसणे, खांद्यावर पोती वाहणे, असे हात सतत वर ठेवण्याचे किंवा खांदा खाली ओढणारे काम वर्षानुवर्षे केले तरी हाच त्रास होऊ शकतो. मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ज्यांना जास्तीची बरगडी असते त्यांतल्या बहुतेकांना तिचा आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. खोकल्यासाठी छातीचा एक्स-रे काढला, त्यात ही बरगडी दिसली आणि हाताला काहीच होत नाही, तर ती काढायची गरज नाही. एक्स-रेवर नव्हे, माणसावर उपचार करायचा असतो.

घाई कुठे, सबुरी कुठे

सगळ्यात कमी आढळणारा, पण सगळ्यात धोक्याचा प्रकार धमनीचा. या आजाराच्या शंभरातल्या एखाद्या रुग्णाला तो असतो आणि त्यात बहुधा जास्तीची बरगडी सापडतेच. धमनी रोज त्या हाडावर घासून आतून खराब होते, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि तिचे तुकडे बोटांकडे वाहत जातात. बोटे पांढरी पडणे, थंडगार लागणे, एखाद्या बोटाच्या टोकाला न भरणारी जखम किंवा काळा ठिपका, थोडे काम केले तरी हात दुखून गळून जाणे, मनगटाची नाडी मंद लागणे, ही त्याची लक्षणे. हात एकाएकी पांढरा, गार आणि बधिर झाला तर सकाळची वाट पाहू नका. रक्त बंद झालेला हात वाचवायचा तर साधारण सहा तासांच्या आत उपचार सुरू व्हावे लागतात. दवाखाना नव्हे, थेट मोठे रुग्णालय गाठा. धमनीच्या प्रकारात शस्त्रक्रिया टाळून चालत नाही.

दुसरा प्रकार शिरेचा, शंभरात तीन ते पाच जणांना. हा बहुतेक वेळा तरुण, मेहनती हाताला होतो. व्यायामशाळेत वजन उचलले, दिवसभर स्लॅबचे काम केले, दुसऱ्या दिवशी सगळा हात सुजून जड झाला, निळसर-जांभळा दिसू लागला, खांद्यावर आणि छातीवर शिरा फुगून वर आल्या. शिरेत गुठळी झाली, असा याचा अर्थ. आपल्याकडे सूज दिसली की पहिले कोमट तेल येते. कृपा करून असा हात चोळू नका. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. हात उशीवर उंच ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. सोनोग्राफीसारखीच डॉपलर नावाची तपासणी करून गुठळी कळते. रक्त पातळ करणारे औषध लगेच सुरू होते आणि शिरेत बारीक नळी घालून गुठळी विरघळवता येते. पण हा उपाय पहिल्या दोन आठवड्यांत चांगला लागू पडतो. नंतर गुठळी घट्ट होते. त्यानंतर दाबणारी बरगडी काढण्याचा सल्ला दिला जातो. तो ऐकून दचकू नका, कारण शीर जिथे चिमटली जाते ती जागा मोकळी झाली नाही तर गुठळी पुन्हा होण्याची भीती राहते.

उरलेले नव्वदहून अधिक रुग्ण मज्जातंतूचे, म्हणजे वायरचे. मान, खांदा दुखतो. दंडाच्या आणि कोपराखालच्या आतल्या बाजूने कळ उतरते. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या येतात. वेणी घालताना, दोरीवर कपडे वाळत घालताना, बसच्या वरच्या दांडीला धरून उभे राहताना हात भरून येतो आणि खाली घ्यावा लागतो. तुमचे दुखणे असे असेल तर सल्ला मिळाल्याबरोबर ऑपरेशनची तारीख घ्यायचे कारण नाही. इथे आधी व्यायाम, कामातले बदल आणि औषध हाच रस्ता आहे आणि त्यावर पुष्कळांचे भागते.

मज्जातंतूच्या प्रकारातही एक अपवाद आहे. अंगठ्याच्या मुळाशी तळहाताचा जो मांसल उंचवटा असतो तो दुसऱ्या हातापेक्षा बसलेला दिसू लागला, सुईत दोरा जाईना, साडीला पिन लावता येईना, हातातून कप सुटू लागला, तर वायर नुसती दबलेली नाही, ती झिजते आहे. तिथे सबुरी महागात पडते. आमच्या माहितीतल्या एका सफाई कामगार ताईंनी अशा हाताने दोन वर्षे झाडू मारला. एका खाजगी दवाखान्यात त्यांना ‘अशक्तपणा आहे’ म्हणून दर पंधरवड्याला सलाइन आणि ताकदीचे इंजेक्शन मिळत राहिले. हातावरचे मांस कमी होत चालले आहे, हे बघायला कोणी त्यांचे दोन्ही तळवे शेजारी ठेवून पाहिले नाहीत. शेवटी मोठ्या रुग्णालयात जास्तीची बरगडी सापडली, ऑपरेशन झाले. कळ थांबली, पकड थोडी सुधारली. गेलेले मांस मात्र परत भरले नाही. असे मांस एकदा गेले की बहुधा पूर्ण भरत नाही. त्या वेळेचे ऑपरेशन उरलेले वाचवण्यासाठी असते.

हे दुखणे तेच आहे का?

हा आजार दाखवणारी एकच एक पक्की तपासणी नाही. म्हणून डॉक्टरांना आधी बाकीचे आजार वगळावे लागतात आणि ते वगळले की नाही हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. रात्री अंगठा आणि पहिली दोन बोटे बधिर होऊन जाग येत असेल तर मज्जातंतू मानेपाशी नव्हे, मनगटात दबलेला असण्याची शक्यता जास्त. त्याचे ऑपरेशन वेगळे आणि पुष्कळ सोपे असते. मान मागे किंवा एका बाजूला वळवली की हातात विजेसारखी कळ जात असेल तर मानेच्या मणक्यांमधली गादी सरकली असेल. मधुमेहातही बोटे बधिर होतात, पण त्याची सुरुवात बहुधा पायांपासून होते.

करंगळी बधिर होऊन वाकू लागली आणि कोपराच्या आतल्या बाजूला जाड दोरीसारखी नस हाताला लागली तर अंगावर कुठे न दुखणारा, फिक्कट किंवा लालसर चट्टा आहे का ते नीट बघा. कुष्ठरोगातही असेच होते. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे, त्याने आजार पूर्ण बरा होतो आणि वेळेत घेतले तर बोटे वाकत नाहीत. लाजेपायी हे लपवून मानेची बरगडी शोधत फिरणारे आम्ही पाहिले आहेत. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या प्रौढ माणसाच्या काखेत आणि हाताच्या आतल्या बाजूने कळ येत असेल, त्याच बाजूची पापणी खाली आली असेल तर छातीचा एक्स-रे आधी हवा, कारण फुप्फुसाच्या टोकावरची गाठही याच वायरींना दाबते. आणि छातीवर दाब, घाम, डाव्या हातात कळ असे एकदम आले तर ते हृदयाचे समजून धावा.

तपासताना डॉक्टर दोन्ही हात खांद्याच्या उंचीला वर धरून, कोपरे वाकवून, तीन मिनिटे मुठी उघड-मीट करायला लावतात. कधी मान वळवून मनगटाची नाडी बघतात. घरी हे करून लगेच निष्कर्ष काढू नका. चांगल्या माणसाच्या हातालाही त्यात मुंग्या येतात, नाडीही मंद होते. मानेचा एक्स-रे जास्तीची बरगडी दाखवतो, एमआरआय मणक्यातील गादी दाखवतो, डॉपलर धमनी आणि शीर दाखवते. मज्जातंतूंमधून बारीक वीज सोडून करायची एक तपासणी असते. ती या आजारात पुष्कळदा नॉर्मलच येते. नॉर्मल रिपोर्ट आला म्हणजे बाई नाटक करते, असे घरच्यांनी म्हणू नये. ती तपासणी मुख्यतः मनगटाचे आणि कोपराचे दुखणे वेगळे काढण्यासाठी असते. काही ठिकाणी मानेतल्या त्या स्नायूत भूल देणारे इंजेक्शन देऊन बघतात. त्याने काही तास हात मोकळा झाला तर ऑपरेशनचाही उपयोग होण्याची शक्यता वाढते. डॉक्टरांनी हे सुचवले तर नाही म्हणू नका.

आधीचे तीन-सहा महिने

मज्जातंतूच्या त्रासात ऑपरेशनचा विचार करण्याआधी साधारण तीन ते सहा महिने नेटाने व्यायाम झालेला असावा. ‘फिजिओथेरपी केली, फरक नाही पडला’ असे सांगणाऱ्यांना आम्ही विचारतो, किती दिवस? उत्तर बहुधा दहा दिवस असे येते, त्यातही मशीनचा शेक. शेकाने बरे वाटते, बोळ रुंद होत नाही. रोज रुग्णालयात जाणे म्हणजे रोजची मजुरी बुडवणे, हे आम्हाला कळते. म्हणून सरकारी रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागात जाऊन व्यायाम नीट शिकून घ्या, घरी करा आणि दोन-तीन आठवड्यांनी बरोबर करतो की नाही ते दाखवून या. मानेचे बाजूचे आणि छातीचे पुढचे आखडलेले स्नायू हळू ताणणे, पाठीवरच्या खवाट्याभोवतीचे स्नायू बळकट करणे आणि पोटाने श्वास घेणे, हे त्यातले मुख्य. पोटाचा श्वास कशासाठी? वरवर, छातीने श्वास घेणारा माणूस प्रत्येक श्वासाला मानेचे तेच स्नायू वापरतो आणि पहिली बरगडी वर ओढतो. विहारात आनापान करणाऱ्यांना सांगून ठेवतो, तिथे श्वास आहे तसा नुसता पाहायचा असतो. इथे तो मुद्दाम खाली पोटापर्यंत न्यायचा आहे. दोन्हींची गल्लत नको. व्यायामाने मुंग्या वाढल्या तर दात-ओठ खाऊन पुढे रेटू नका, थांबा आणि विचारा.

व्यायामाइतकेच कामातले बदल महत्त्वाचे. पाण्याचा एक भरलेला हंडा एका बाजूला धरण्यापेक्षा अर्ध्या-अर्ध्या दोन कळश्या दोन हातांत. वाळत घालायची दोरी खांद्याच्या उंचीपर्यंत खाली आणा. डबा-पीठ फळीवरून उतरवून ओट्यावर ठेवा. झाडूचा दांडा लांब करून घ्या, म्हणजे वाकून खांदा पुढे पडत नाही. कामावरची पिशवी दुखऱ्या खांद्याला लावू नका. त्या कुशीवर आणि हात डोक्याखाली घेऊन झोपू नका. रंगाऱ्याने छताचे काम सलग न करता अधूनमधून भिंतीचे घ्यावे, आणि घोडीची एक पायरी वर चढावे म्हणजे हात डोक्याच्या वर फार वेळ राहणार नाही. घरातल्यांनीही ऐकावे. दुखणाऱ्या बाईने हंडा उचलायचा नाही, असे डॉक्टरांनी लिहून दिले तरी घरातला दुसरा कोणी उठत नसेल तर त्या कागदाला काय अर्थ?

मज्जातंतूच्या कळेवर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी झोप आणि गरगर येते. त्या सांगितल्याशिवाय वाढवू नका आणि एकदम बंदही करू नका. मेडिकल दुकानातून स्वतःच्या मनाने दुखण्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर मूत्रपिंड आणि पोट दोन्ही बिघडतात.

ऑपरेशनमध्ये काय करतात

एवढे करूनही सहा महिन्यांनी झोप लागत नसेल, काम सुटले असेल, बाकीचे आजार वगळलेले असतील, तर ऑपरेशनचा सल्ला विचार करण्यासारखा आहे. हे ऑपरेशन नवे नाही. मानेची जास्तीची बरगडी काढण्याचे काम लंडनमध्ये होम्स कूट या सर्जनने १८६१ मध्ये केले होते. आजाराला आजचे नाव १९५६ मध्ये मिळाले आणि काखेतून पहिली बरगडी काढण्याची रीत अमेरिकेतल्या डेव्हिड रूस या सर्जनने १९६६ मध्ये मांडली.

पूर्ण भूल देऊन, हासळीच्या हाडाच्या वर किंवा काखेत छेद घेऊन पहिली बरगडी काढतात, जास्तीची असेल तर तीही काढतात आणि दाबणारा स्नायू सोडवतात. धमनी खराब झालेली असेल तर ती दुरुस्त करतात. ‘बरगडी काढल्यावर छाती पोकळ होणार नाही का?’ असे बायका हमखास विचारतात. नाही. बरगड्या चोवीस असतात. वरची एक गेल्याने श्वासाला किंवा ओझे उचलायला कमीपणा येत नाही.

धोका हाडाचा नाही, शेजाऱ्यांचा आहे. बोळ अरुंद, म्हणून पाना फिरवताना शेजारच्या घराला लागू शकतो. फुप्फुसाचे आवरण फाटून छातीत हवा भरू शकते, त्यासाठी काही दिवस नळी ठेवावी लागते. मोठ्या रक्तवाहिनीला इजा होऊन रक्तस्राव होऊ शकतो. श्वासाच्या पडद्याला जाणारा मज्जातंतू दुखावला तर धाप लागते, खवाट्याचा दुखावला तर खवाटा मागे पंखासारखा उभा राहतो. यातले बरेच काही महिन्यांत भरून येते, सगळे येतेच असे नाही. हाताच्या मुख्य मज्जातंतूला कायमची इजा क्वचित होते, पण होऊ शकते. काखेतून केलेल्या ऑपरेशननंतर दंडाच्या आतली कातडी बधिर राहणे मात्र पुष्कळांना जाणवते. त्याने काम अडत नाही. आणि मज्जातंतूच्या दुखण्यात ऑपरेशन नीट होऊनही काहींचा त्रास पूर्ण जात नाही, काहींचा काही वर्षांनी परत येतो. हे ऐकून घेतल्यावरच सही करायची.

सहीबद्दल थोडे सविस्तर सांगतो. आम्ही वॉर्डात असताना संमतीपत्रावर सह्या अशा घेतल्या जात की बोट दाखवायचे आणि ‘इथे करा’ म्हणायचे. आजही पुष्कळ ठिकाणी तेच चालते. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की आजार काय, उपचार काय, दुसरा पर्याय कोणता, धोके कोणते आणि उपचार न केल्यास काय होईल, हे रुग्णाला पुरेसे कळल्यावर दिलेली संमती हीच खरी संमती. एका तपासणीसाठी दिलेली संमती दुसऱ्या ऑपरेशनला चालत नाही, हेही त्यातलेच. म्हणून मराठीत समजावून मागा. वायर, नळ की शीर, काय दबले आहे? मी किती महिने व्यायाम करून बघावा असे तुम्हाला वाटते? छेद कुठून घेणार? असे ऑपरेशन तुम्ही किती केले आहेत? हा शेवटचा प्रश्न उद्धटपणा नाही. हे ऑपरेशन अपेंडिक्ससारखे रोजचे नाही आणि ते करणारा हात सरावाचा हवा. शक्य तर रक्तवाहिन्यांचे किंवा छातीचे सर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयात दुसरे मत घ्या. त्यासाठी आधीचे कागद लागतील. मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रांच्या प्रती देणे डॉक्टरांवर २००२ च्या नियमांनी बंधनकारक आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

पैशासाठी सावकाराकडे जाण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड, आधार आणि सगळे रिपोर्ट न्या आणि ‘माझ्या कागदावर लिहिलेले हेच ऑपरेशन यादीत आहे का, या रुग्णालयात मंजूर आहे का’ असे नेमके विचारा. १५५३८८ या क्रमांकावरही विचारता येते. धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ एए कलमाखाली १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. काउंटरवर ‘खाट नाही’ म्हणाले तर तिथल्या समाजसेवा विभागात जा. कंत्राटी कामगारांनी पगारातून ईएसआयची कपात होते का, ते पावतीवर बघावे. होत असेल आणि हप्ते पुरेसे भरलेले असतील तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. कपात होते पण कार्डच दिले नाही, असे कंत्राटदार कमी नाहीत. ते ऑपरेशनच्या आधी सोडवून घ्या, नंतर एका हाताने भांडायला जमत नाही.

भरती होण्याआधी दोन गोष्टी. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल पुष्कळ घरांत आहे. स्वतःची तपासणी झाली नसेल तर आधी करून घ्या, आणि आजार किंवा वाहक असल्याचे कार्ड असेल तर ते भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात द्या. सिकलसेलच्या रुग्णाला भुलेच्या वेळी प्राणवायू, पाणी आणि अंगाची ऊब जास्त सांभाळावी लागते आणि न सांगितल्यास जिवाला धोका होतो. दुसरे, बिडी, खर्रा, मिश्री काही आठवडे आधी बंद. हिमोग्लोबिन कमी असेल तर तारीख पुढे गेली तरी चालेल, आधी ते वाढवा. मात्र धमनी आणि शिरेच्या प्रकारात या कारणांसाठी थांबायचे की नाही, हे सर्जनच ठरवतील.

ऑपरेशननंतर साधारण दोन ते पाच दिवस रुग्णालयात राहावे लागते. दुखते, पण खोल श्वास घ्यायचा, खोकला दाबायचा नाही, दुसऱ्या दिवसापासून चालायचे. जेवणे, वेणी, हलकी कामे लवकर सुरू होतात. हंडा, पोते, बादली मात्र निदान सहा आठवडे नाही आणि जड मजुरीला सर्जन हो म्हणेपर्यंत, बहुधा तीन महिने लागतात. एवढे दिवस घर कसे चालेल आणि पाणी कोण भरेल, हे तारीख घेण्याआधी घरात बसून ठरवा. महिला मंडळाने आळीपाळीने डबा आणि पाणी पाहिले तर एकट्या बाईला मोठा आधार होतो. आमच्याकडे दोनदा तसे झाले आहे.

घरी आल्यावर अचानक धाप लागली, छातीत कळ आली, हात सुजला किंवा थंड पडला, जखमेतून पू किंवा दुधासारखे पाणी येऊ लागले, ताप चढला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच रुग्णालयात परत जा आणि डिस्चार्ज कार्ड बरोबर ठेवा. टाके काढायला जाल त्याच दिवशी फिजिओथेरपी विभागात जाऊन पुढची तारीख मागून घ्या. खांदा आखडू द्यायचा नसेल तर ती तारीख चुकवू नका.